कारखान्यात धूर आहेच, मग बिडी सोडून काय फरक पडणार?

भोसरी असो वा चाकण, शिफ्ट सुटली की एमआयडीसीतल्या टपऱ्यांवर चहाबरोबर बिडी-सिगारेट पेटते. त्यातल्या कुणाला जिना चढताना दम लागतो, सकाळी कफ पडतो आणि डॉक्टर ‘सीओपीडी’ असल्याचं सांगतात. बिडी सोडा म्हटलं की अनेकदा उलट प्रश्न येतो, ‘दिवसभर वेल्डिंगचा धूर खातोय, एका बिडीनं काय होणार?’

या प्रश्नात तथ्य आहे, पण अर्धंच.

सीओपीडी म्हणजे काय?

या आजारात श्वासनलिका अरुंद होतात आणि फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या खराब होतात. औषधांनी त्रास कमी होतो, पण झालेलं नुकसान भरून येत नाही.

दोष फक्त तंबाखूचा आहे का?

नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या २०१८च्या अभ्यासानुसार, २०१६ मध्ये भारतात सुमारे साडेपाच कोटी लोकांना सीओपीडी होता. या आजाराच्या ओझ्यात जवळपास ५४ टक्के वाटा हवेच्या प्रदूषणाचा, २५ टक्के तंबाखूचा आणि साडेसोळा टक्के कामाच्या ठिकाणच्या धूळ-धुराचा होता. म्हणजे कामगाराची तक्रार खोटी नाही.

मग सोडून फायदा काय?

अमेरिका आणि कॅनडातल्या ‘लंग हेल्थ स्टडी’मध्ये सुरुवातीचा सीओपीडी असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांवर ११ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. पहिल्या सेकंदात जोरानं बाहेर टाकता येणारी हवा ओढत राहिलेल्या पुरुषांत दरवर्षी सुमारे ६६ मिलिलिटरनं घटली. सोडलेल्यांत ही घट ३० मिलिलिटर होती. दहा वर्षांत हा फरक साडेतीनशे मिलिलिटरच्या वर जातो.

गेलेला श्वास परत येत नाही, उरलेला मात्र जास्त वर्षं पुरतो. शॉपमधला धूर आणि बिडीचा धूर एकाच फुप्फुसात जमा होतात. म्हणूनच धुरात काम करणाऱ्यानं बिडी सोडण्याची गरज जास्त आहे.

सोडायची कशी?

राष्ट्रीय क्विटलाइनच्या १८००-११-२३५६ या टोल फ्री क्रमांकावर समुपदेशन मिळतं. ईएसआय कार्ड असेल तर चिंचवडच्या मोहननगरमधल्या ईएसआय रुग्णालयात दाखवता येतं. निकोटिन गम किंवा गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. सुरुवातीचे काही आठवडे खोकला वाढू शकतो, त्याला घाबरून पुन्हा पेटवू नका. बिडीऐवजी तंबाखू मळणं हा उपाय नाही, त्यानं व्यसन सुटत नाही आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका राहतो. ई-सिगारेटवर तर देशात २०१९ पासून बंदी आहे.

आणि कंपनीची जबाबदारी?

ती बिडी सोडल्यानं संपत नाही. धूर खेचणारी यंत्रणा आणि योग्य मास्क पुरवणं हे मालकाचं काम आहे, कामगार कंत्राटी असला तरीही. आपला स्पायरोमेट्रीचा रिपोर्ट जपून ठेवा आणि कोणत्या शॉपमध्ये किती वर्षं काम केलं, हे डॉक्टरांना जरूर सांगा.