वहींत न लिहिलेला वारसा

त्र्यंबकेश्वरीं तीर्थोपाध्यायांच्या घरीं यजमानांच्या वंशावळींच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेविलेल्या आहेत. गांव व आडनांव सांगितलें कीं पणजोबांचें नांव निघतें. पण पणजोबा बोलतां बोलतां एक खांदा उडवीत असत, हें त्या वहींत कोणी लिहिलेलें नसतें. आज आम्हांस लिहावयाचें आहे तें या न लिहिलेल्या वारशाविषयीं.

सहा-सात वर्षांचें मूल एकाएकीं डोळे मिचकावूं लागतें, मान झटकतें किंवा कारण नसतां खाकरतें. आपण त्यास चाळा म्हणतों, वैद्यक ‘टिक’ म्हणतें. एकत्र कुटुंबांत अशा मुलास सल्लागारांची वाण पडत नाहीं. आजी दृष्ट काढते, काका डोळे वटारतात, आणि कोणी म्हणतें, पितृदोष असेल, त्र्यंबकास जाऊन नारायणनागबळी करावा. तो तीन दिवसांचा विधि ज्यांस श्रद्धेनें करावयाचा त्यांनीं खुशाल करावा. आमची तक्रार एवढीच कीं, तेवढ्यानें भागलें असें समजून डॉक्टरांकडे जाणें लांबतें, आणि दोष कोणत्या कुळाचा या वादांत बोट बहुधा सुनेच्या माहेराकडेच वळतें!

पूर्वजांकडून कांहीं तरी आलेलें असतें, हें मात्र खोटें नव्हे. फ्रेंच वैद्य झील द ला तूरेत यांनीं १८८५ मध्यें नऊ रोग्यांचें वर्णन केलें, तेव्हांच त्यांस आनुवंशिकता दिसली होती. पुढें १९८५ मध्यें जुळ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. एकरूप जुळ्यांपैकीं एकास तूरेतचा विकार असतां दुसऱ्यासहि तो शेंकडा ५३ जोड्यांत आढळला. भिन्नरूप जुळ्यांत अवघ्या ८. म्हणजे बीजाचा भाग मोठा, पण सर्वस्वीं बीजच नव्हे. शिवाय तें एकच जनुक नसून अनेक जनुकांचा थोडा थोडा वांटा असतो, आणि तो दोन्ही कुळांकडून येऊं शकतो. माहेर-सासरचा वाद येथेंच मिटावा.

मेंदूच्या खोल भागांत नको त्या हालचाली रोखून धरणारी केंद्रें आहेत. त्यांच्यांत निरोप पोंचविणाऱ्या द्रव्यांपैकीं एक डोपामिन. टिकमध्यें हा लगाम सैल पडतो व त्यांत डोपामिनचा हात असावा, असें मानतात; कारण त्याचा परिणाम अडविणाऱ्या हॅलोपेरिडॉल या औषधानें टिक कमी होते, हें १९६१ पासून ठाऊक आहे. औषधानें सुस्ती येते, अंग ताठरतें. म्हणून त्रास फार असेल तरच तें देतात.

टिकपूर्वीं पुष्कळ मुलांस शिंकेसारखी एक अनावर ओढ जाणवते. शिंक थोडा वेळ दाबतां येते, तशीच ही. मूल शाळेंत ती दाबून धरतें व घरीं येतांच मोकळी करतें. वडील मंडळी म्हणतात, ‘पाहा, मुद्दाम करतो!’ या एका गैरसमजापायीं किती मुलांनीं मार खाल्ला असेल! धाकानें मनावर ताण येतो आणि ताणानें टिक वाढते.

दहा ते बारा या वयांत हा त्रास बहुधा शिगेस पोंचतो व पुढें बहुतेकांचा ओसरतो. ओढ जाणवतांच तिच्याविरुद्ध हालचाल करण्याचें शिक्षण जाणत्या मानसोपचारज्ञाकडून मिळाल्यास पुष्कळांस गुण येतो. टिकमुळें दुखत असेल, अभ्यासांत लक्ष लागत नसेल, किंवा तीच तीच शंका मुलाच्या मनास छळीत असेल, तर डॉक्टरांस अवश्य दाखवावें. जातांना घरच्या वृद्धांस विचारून, दोन्हीकडील कोणास लहानपणीं असें होत असे काय, तें टिपून न्यावें. आणि वर्गशिक्षकांस आईबापांनीं स्वतः भेटून सांगावें कीं, हें मूल तुमची नक्कल करीत नाहीं.