द्विवचन

संस्कृतात तीन वचने, मराठीत दोनच. एक आणि अनेक यांच्या मधोमध 'दोन' नावाचे एक टुमदार घर पूर्वी होते. प्राकृताच्या वाटेने मराठीपर्यंत येता येता ते पडले. वर्गात हे सांगितले की मुलांचे चेहरे खुलतात. तेवढीच रूपे पाठ करायची वाचली! पण दोन म्हणजे काही लहानसे अनेक नव्हे. हे ज्याला नीट समजून घ्यायचे असेल त्याने व्याकरण मिटून ठेवावे आणि बॅडमिंटनमधला पुरुष दुहेरीचा एखादा सामना पाहावा.

या खेळाशी आपले नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी तो खेळत आणि त्याला 'पूना' म्हणत. पण घरच्या या खेळातही आम्ही दुहेरीला पंगतीच्या टोकालाच बसवले. १९५६ साली सांगलीच्या नंदू नाटेकरांनी क्वालालंपूरची स्पर्धा जिंकली, १९८० साली प्रकाश पदुकोण आणि २००१ साली गोपीचंद ऑल इंग्लंड विजेते झाले. ही सारी एकेरीतली यशे आम्हांला तोंडपाठ. नाटेकरांच्या सतरा राष्ट्रीय अजिंक्यपदांपैकी सहा पुरुष दुहेरीतली आणि पाच मिश्र दुहेरीतली होती, हे मात्र किती जण सांगतील? एकट्याची आरती ओवाळणे सोपे असते. दोघांची ओवाळायची तर तबक कोणासमोर आधी धरायचे, इथपासून पंचाईत!

वास्तविक दुहेरी हा एकेरीहून निराळाच खेळ आहे. एकेरीचे कोर्ट सतरा फूट रुंद, दुहेरीचे वीस. म्हणजे जागा वाढली तीन फूट आणि माणसे झाली दुप्पट! चाळीत बिऱ्हाडे वाढावीत तसा प्रकार. त्यामुळे फूल टाकायला मोकळी जागा सापडत नाही, आणि जिथे जागा नाही तिथे वेग येतो. चढाई करताना एक गडी मागे आणि दुसरा जाळीपाशी. बचाव करताना दोघे शेजारी शेजारी. ही अदलाबदल क्षणात, न बोलता व्हावी लागते. आणि सर्वांत अवघड फूल कोणते म्हणाल, तर दोघांच्या बरोबर मधून जाणारे. 'ते घेतील' असे यांना वाटते, 'हे घेतील' असे त्यांना वाटते, आणि फूल जमिनीवर! ज्यांनी पंचवीस वर्षे संसार केला आहे त्यांना हे अधिक फोड करून सांगायला नको.

सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी ही जोडी याच कोड्यातून घडली. एक आंध्रातल्या अमलापुरमचा, तेलुगू मातृभाषेचा, दुसरा मुंबईचा. दोघेही उंच, दोघेही मागून जोरात मारणारे. म्हणजे एकाच घरात दोन थोरले भाऊ! तान किम हर या मलेशियन प्रशिक्षकांनी त्यांना एकत्र आणले. मग कोणी पुढे यायचे, कोणी कधी मागे राहायचे, हे शिकण्यात वर्षे गेली.

१५ मे २०२२ रोजी बँकॉकला थॉमस चषकाचा अंतिम सामना होता. १९४९ साली सुरू झालेल्या या स्पर्धेत भारत अंतिम फेरीत प्रथमच पोचला होता. समोर होता चौदा वेळा चषक नेणारा इंडोनेशिया. लक्ष्य सेनने पहिली लढत जिंकल्यावर आपली जोडी उतरली. पलीकडे मोहम्मद अहसान आणि केविन सुकामुल्जो. दोघेही या खेळातले बडे असामी, पण ती नेहमीची जोडी नव्हे. प्रत्येकाचा रोजचा सोबती वेगळा. आपल्या जोडीने पहिला गेम १८-२१ असा गमावला. दुसऱ्यात चार वेळा पराभव एका गुणावर येऊन उभा राहिला, आणि चारही वेळा परत गेला. २३-२१, मग २१-१९. पुढे श्रीकांतने चषकावर नाव कोरले.

२०२३ साली दुबईत आशियाई अजिंक्यपद, हांगझौला आशियाई सुवर्णपदक आणि जगात पहिला क्रमांक, हे सारे ओळीने आले. पण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाच्या आरोन चिया व सो वूई यिक यांनी पहिला गेम गमावूनही त्यांना हरवले. सामना संपताच आमच्या शेजारच्या अण्णांनी विचारले, "प्रोफेसर, चूक कोणाची झाली हो?"

"जोडीची," मी म्हणालो.

"ते झालंच, पण दोघांतल्या कोणाची?"

अण्णांना दोष देण्यात अर्थ नाही. आपण सारेच असे विचारतो. मुलगा नापास झाला की आई विचारते, बाप विचारतो. पण दुहेरीच्या गुणफलकावर दोघांसाठी एकच आकडा असतो. त्याची वाटणी करायला तिथे जागाच ठेवलेली नाही. जी जोडी मनातल्या मनात ती वाटणी करू लागते ती हळूहळू मोडते.

ही मोडली नाही. मोडायला कारणे होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये सात्त्विकचे वडील वारले. मार्चमध्ये चिरागची पाठ धरली आणि ऑल इंग्लंडचा सामना अर्ध्यावर सोडावा लागला. ऑगस्टमध्ये जागतिक स्पर्धेसाठी ते पुन्हा पॅरिसला गेले. तेच क्रीडागृह, तीच उपांत्यपूर्व फेरी, आणि समोर तीच चिया-सो जोडी! या वेळी २१-१२, २१-१९ असा विजय. उपांत्य सामन्यात चिनी जोडीकडून ते हरले आणि कांस्यपदकावर थांबले. २०२२ च्या टोकियोनंतरचे हे त्यांचे दुसरे.

सुवर्ण नाही म्हणून हळहळणारे हळहळोत. मला त्या पदकापेक्षा वर्षभर न विचारलेल्या एका प्रश्नाचे मोल अधिक वाटते. 'चूक कोणाची?' हा प्रश्न एकवचनात विचारता येतो, अनेकवचनातही विचारता येतो; द्विवचनात तो विचारायचा नसतो. भाषेने ते रूप टाकून दिले तरी घराघरांत त्याची गरज अजून उरलीच आहे.