नाव वाचून कपाट ठरवू नका

नागपुरातल्या एका मोठ्या ग्रंथालयात तालिकीकरणाची दोन महिन्यांची इंटर्नशिप मी नुकतीच पूर्ण केली. प्रमाणपत्र मिळालं, अम्मीने ते फ्रेम करून भिंतीवर लावलं. पण तिथे जे पाहिलं ते लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तिसऱ्याच दिवशी इस्लामच्या कपाटात एक मराठी कथासंग्रह सापडला. कथा विदर्भातल्या विणकरांच्या, शेतमजुरांच्या, कर्जाच्या आणि पोरींच्या लग्नाच्या. वर्गांक मात्र २९७, म्हणजे ड्यूईच्या पद्धतीत इस्लाम. तो हवा होता ८९१.४६३ मध्ये, मराठी कथा-कादंबऱ्यांसोबत. कुणीतरी मुखपृष्ठावरचं लेखकाचं नाव वाचलं आणि पुस्तक न उघडताच निकाल देऊन टाकला. पुढे अशी आणखी पुस्तकं निघाली. एक कवितासंग्रह तर देवनागरीत छापलेला असूनही उर्दू विभागात पडून होता.

"एवढ्याशा चुकीचं काय मनाला लावून घेता?" असं तिथल्या एका सरांनी विचारलं. सर, चूक एवढीशी नाही. ज्याला मराठी कथा वाचायची आहे तो २९७ कडे फिरकत नाही, आणि जो २९७ कडे जातो त्याला धर्मावरचं पुस्तक हवं असतं. म्हणजे पुस्तक ग्रंथालयात आहे, पण वाचकाला नाही. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं एक हेच की प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे.

काही जण ड्यूईकडे बोट दाखवतील. १८७६ च्या त्या पद्धतीत पक्षपात आहेच. २२० ते २८० ही सात घरं ख्रिस्ती धर्माला आणि बाकीचे धर्म २९० मध्ये दाटीवाटीने. हिंदू धर्म २९४.५ वर, इस्लाम २९७ वर. पण लेखक मुसलमान असला की त्याच्या कथा धर्मात टाका, असं ड्यूई कुठेही सांगत नाही. पुस्तकाचा विषय बघा, लेखकाचा धर्म नव्हे, हा वर्गीकरणाचा पहिला धडा आहे. हमीद दलवाईंची 'इंधन' ही कादंबरी आहे, तिची जागा कादंबऱ्यांत. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' केवळ नावावरून २९७ मध्ये ठेवला, तर तो उघडून पाहणारा वाचक चक्रावून जाईल. यू. म. पठाण यांनी संतसाहित्याच्या अभ्यासात आयुष्य घालवलं, १९९० मध्ये पुण्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. त्यांना कुठल्या कपाटात बसवणार?

आता थोडं आपल्याच लोकांशी. सगळा दोष ग्रंथालयाच्या माथी मारून मोकळं होता येणार नाही. आपला लेखक एका पुस्तकावर महंमद, दुसऱ्यावर मोहम्मद, तिसऱ्यावर मुहम्मद होतो. संगणकाच्या लेखी ती तीन माणसं. पुस्तक निघतं, प्रकाशन समारंभ होतो, बिर्याणी होते, पण पुस्तकावर ना प्रकाशनाचं साल, ना आयएसबीएन. १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी ठरावीक ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते, हे कित्येकांच्या गावीही नसतं. बगदादच्या इब्न नदीमने इ. स. ९८७ च्या सुमारास अरबी ग्रंथांची 'फिहरिस्त' तयार केली, हे आपण जलशात छाती फुगवून सांगतो. हजार वर्षांपूर्वीच्या यादीचा अभिमान आहे, आणि आजच्या पुस्तकावर साल छापायचा कंटाळा!

माझ्या दोन महिन्यांत मी दुरुस्तीच्या नोंदी लिहून ग्रंथपालांसमोर ठेवल्या. त्यांनी पुस्तकं उघडून पाहिली आणि एकही हुज्जत न घालता सह्या केल्या. तो कथासंग्रह आता ८९१.४६३ मध्ये आहे. म्हणजे द्वेष सगळीकडे नसतो. बऱ्याचदा आळस असतो, आणि विचारणारं कुणी नसतं.

म्हणून विचारा. या आठवड्यात आपल्या गावच्या वाचनालयात जा, तुमच्या आवडत्या मराठी मुस्लिम लेखकाचं पुस्तक शोधा, त्याचा वर्गांक बघा. चुकीचा असेल तर ग्रंथपालांना लेखी अर्ज द्या. आणि तुम्ही मुस्लिम नसलात तरी हे करा. कारण चुकीच्या कपाटात गेलेलं ते पुस्तक मराठीचं आहे, म्हणजे तुमचंही आहे.