पिठाची माती आणि प्रयोगवही



तुमच्या घरी चार-सहा वर्षांचे धाकटे भावंड असेल, तर या सुट्टीत त्याच्याबरोबर एक उद्योग जरूर करा. खेळण्याची माती घरीच तयार करा. दुकानात तिच्या रंगीत कांड्या मिळतात. इंग्लंडमधील बाथ येथील विल्यम हार्बट या कलाशिक्षकाने १८९७ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी अशी न वाळणारी माती तयार केली होती. मग ती विकत का आणू नये? जरूर आणावी; पण एकदा तरी घरी करून पाहावी, असे माझे मत आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

कृती सोपी आहे. १ वाटी गव्हाचे पीठ, अर्धी वाटी बारीक मीठ आणि चमचाभर तेल घ्या. साधारण अर्धी वाटी पाणी थोडे थोडे घालीत पीठ चांगले तिंबा. रंगासाठी चिमूटभर हळद पुरे. पाण्यात भिजवून मळल्यावर गव्हातील प्रथिनांचे एक चिवट जाळे बनते. त्याला ग्लुटेन म्हणतात. त्यामुळेच गोळा ताणला तरी चटकन तुटत नाही. ज्वारीच्या पिठात हे जाळे बनत नाही. म्हणून भाकरीसाठी गरम पाणी घ्यावे लागते. त्या उष्णतेने पिठातील स्टार्च फुगते आणि चिकट होते.

‘अन्नाचा खेळ करू नये,’ असे आजी म्हणेल, आणि तिचे म्हणणे खरे आहे. तेव्हा पोळ्यांच्या उपयोगाचे न राहिलेले जुने पीठ चाळून घ्या. लहान मुलाला हा गोळा तोंडात घालू देऊ नका. इतके मीठ पोटात जाणे अपायकारक असते.

मी माझ्या सहा वर्षांच्या मुलीबरोबर हा उद्योग केला. तिने विचारले, “बाबा, मीठ कशाला?”

“मीठ नसलं तर बुरशी येते,” मी वर्गातल्या सुरात सांगितले.

“तू बघितलंस?”

२० वर्षे पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या मला ‘नाही’ म्हणावे लागले!

मग आम्ही तीन गोळे केले. पीठ, तेल, पाणी तिन्हींत सारखेच. एकात मीठ घातले, दुसऱ्यात घातले नाही आणि तिसऱ्यात, मुलीच्या हट्टाखातर, मिठाइतकीच साखर घातली. तिन्ही गोळे झाकणाच्या डब्यांत ठेवले. बिनमिठाचा गोळा दुसऱ्याच दिवशी ढिला पडला आणि त्याला आंबूस वास येऊ लागला. पाचव्या दिवशी त्यावर करडे ठिपके दिसले. मिठाचा गोळा होता तसाच राहिला. गोळ्यात पाणी असूनही मिठामुळे ते बुरशीला शोषून घेता येत नाही. लोणच्यातही मीठ हेच काम करते. साखरेचा गोळा मळतानाच पाघळला होता. त्याच्या डब्याचे झाकण एका रात्री उघडे राहिले आणि सकाळी पाहतो तो मुंग्यांची रांग!

“आता साखरेपुढे काय लिहायचं?” मी विचारले.

“मुंग्या आल्या. कळलं नाही.”

वहीत तसेच लिहिले.

मित्रहो, असे वाक्य मला महाविद्यालयातील प्रयोगवहीत क्वचितच वाचायला मिळते. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्व त्वरणाचे उत्तर बहुतेकांचे ९.८ येते. घड्याळ उशिरा दाबलेले असो, दोरा मोजताना चूक झालेली असो, उत्तर ९.८! कारण आधी उत्तर ठरते आणि मग त्याला जुळतील अशी निरीक्षणे लिहिली जातात. दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाही. उत्तर पाहून गुण देणारे आम्ही शिक्षकच आहोत. मी स्वतः विद्यार्थी असताना एकदा हेच केले होते आणि मला पूर्ण गुण मिळाले होते. त्या दिवशी मी लंबकाबद्दल काहीही शिकलो नाही.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. वर्षातून निदान एक प्रयोग असा द्या, की ज्याचे उत्तर पुस्तकात नाही. ‘अमुक कारणाने निष्कर्ष काढता आला नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण द्या. पिठाचा गोळा त्यासाठी पुरेसा आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

आणि विद्यार्थ्यांनो, धाकट्या भावंडाला उत्तर आधी सांगू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि जे दिसेल तेच तारीख घालून लिहा.

आम्ही साखरेचा गोळा पुन्हा केला आहे. या खेपेस डबा पाण्याच्या ताटलीत ठेवला आहे. आज चौथा दिवस. पुढे काय होते, ते तुम्हीही करून पाहा.