मनाचा सातबारा कुणाच्या नावावर?

या देशात जमिनीचा सातबारा त्यांच्या नावावर, विहीर त्यांची, देऊळ त्यांचं. आता माणसाच्या मनाचाही सातबारा निघालाय. मन कुणी तपासायचं, कुणी त्यावर बोलायचं आणि कुणी नुसतं पेशंट म्हणून रांगेत बसायचं, हे ठरवणारे टेबलामागं बसलेत. टेबलापुढं आमचं पोर उभं राहिलं की त्यांचा एकच सवाल : तुमचं बॅकग्राऊंड काय?

नीट ऐका हा शब्द. पूर्वी वेशीवर अडवून विचारत, कुणाचा रं तू? आता तेच एसीत बसून इंग्रजीत विचारतात.

मी बंदरात कंटेनरचं लॅशिंग करतो. मॅट्रिकच्या पुढं गेलो नाय. माझी धाकटी बहीण मात्र बी.कॉम. झालीय. पुण्यात ताडीवाला रोडला मावशीकडं राहते, बुधवार पेठेत तपकीर गल्लीतल्या एका दुकानात हिशेब लिहिते. रात्री वस्तीतल्या बाया तिच्यापाशी येऊन बसतात. कुणाची झोप गेलेली, कुणाची पोर दहावीनंतर बोलायचीच थांबलेली. ती ऐकून घेते. ऐकून घ्यायचंही शास्त्र असतं, ते शिकायचं म्हणून तिला मानसशास्त्रात एम.ए. करायचं होतं. सुट्टी टाकून मी तिच्यासंगं एका कॉलेजात गेलो. टेबलामागच्या बाईंनी मार्कलिस्ट बघितली, मग आडनाव बघितलं आणि म्हणाल्या, "कॉमर्स ना? मग हे कशाला? तुमच्यात बँकेच्या परीक्षा देतात की सगळे."

'तुमच्यात'! सालं, मानसशास्त्राचा पहिला धडा आम्हाला तिथंच फुकटात मिळाला.

आता बॅकग्राऊंडचाच हिशेब काढू. १८७९ साली लायपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा थाटणारा विल्हेल्म वुंट शिकला होता डॉक्टरकी. विल्यम जेम्स १८६९ चा एम.डी., हार्वर्डात शरीरशास्त्र शिकवता शिकवता इकडं वळला. लहान पोरांची समज कशी वाढते हे जगाला सांगणाऱ्या पियाजेची १९१८ ची डॉक्टरेट होती शंखशिंपल्यांतल्या प्राण्यांवर. रशियाचा वायगॉट्स्की कायदा शिकलेला. बाबासाहेबांचे कोलंबियातले गुरू जॉन ड्युई तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, आणि तेच १८९९ साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष होते. खुद्द बाबासाहेब १९१५ ला अर्थशास्त्रात एम.ए. झाले आणि १९१६ ला मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातीवर निबंध वाचला. पुढं १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त त्यांनी जातीचं ठाणं माणसाच्या मनात दाखवून दिलं. पैसा शिकलेला माणूस मनापर्यंत पोचला तो असा.

म्हणजे हे घर बाहेरून आलेल्यांनीच बांधलं. घर उभं राहिलं, आणि आतल्यांनी कडी घातली.

ज्याला दिवसा पोट भरायचंय त्याच्यासाठी एक दिंडी दरवाजा उघडा होता. इग्नूच्या घरबसल्या एम.ए.ला कुठल्याही विषयाचा पदवीधर चालायचा. दुकानात हिशेब लिहिणारी, रिक्षा चालवणारा, रात्रपाळीचा शिपाई, यांना तेवढीच फट. २०२५ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं फर्मान काढलं : जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं मानसशास्त्र शिकवायचं नाही. आधार दिला आरोग्यसेवेतल्या पूरक व्यवसायांच्या २०२१ च्या कायद्याचा. कारण सांगितलं दर्जाचं.

दर्जा! आमची पोरं दारात आली की बरोब्बर तेव्हाच यांना दर्जा आठवतो.

पण आपण पळवाट काढायची नाय. नुसती पुस्तकं पाठ करून कुणाच्या मनात हात घालू नये, हे शंभर टक्के खरं. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, समोर बसलेल्या माणसाचं दुःख ऐकत ऐकतच ही विद्या येते. बंदरात नव्या गड्याला आम्ही एकटा कंटेनरवर चढवत नाय, जुना गडी संगं देतो. पण म्हणून बंदराचं गेट बंद करत नाय! तुम्ही संगतीचा माणूस द्यायचं सोडून गेटच बंद केलं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठी एम.ए.च्या वर दोन वर्षांचं पूर्णवेळ, देखरेखीखालचं एम.फिल. लिहिलंय. देखरेख कबूल. पण दोन वर्षं पगार सोडून कोण बसू शकतो? ज्याच्या बापाचा फ्लॅट आहे तो. त्याच कायद्याचं अठरावं कलम म्हणतं की उपचार परवडणारे हवेत, जातीवरून भेद नको. उपचारात भेद नको, मग उपचार करणारा घडवताना का चालतो?

आणि आमचं दुःख यांना कळतं तरी का? आमची म्हातारी 'डिप्रेशन' म्हणत नाय. ती म्हणते जीव थाऱ्यावर नाय, काळजात कालवतंय, कशातच मन लागंना. हे इंग्रजी प्रश्नावलीच्या कुठल्या चौकटीत बसवणार? आडनाव लपवून भाड्यानं खोली घेणाऱ्या पोराच्या छातीतली धडधड कुठल्या तक्त्यात मांडणार? २०१६ ला रोहित वेमुला गेला, २०१९ ला पायल तडवी गेली. तरी जातीचं नाव काढलं की हे म्हणतात, तू जास्त विचार करतोस.

बुधवार पेठेत उभं राहून बघा. इथंच भिडेवाड्यात १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंचं बॅकग्राऊंड काय होतं? नायगावची लेक, लिहायला-वाचायला शिकली ती लग्नानंतर. तिनं शिकवलं म्हणून पुण्यानं तिच्यावर शेण फेकलं. फुल्यांच्याच शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांगाच्या पोरीनं १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. आमच्या मनाचं शास्त्र या शहरात तिनं मांडलं, कुठल्याही डिग्रीशिवाय. २०२३ च्या डिसेंबरात तो जुना वाडा स्मारकासाठी पाडला. स्मारक बांधा. पण सावित्रीचा पुतळा उभा करायचा आणि सावित्रीच्या लेकीला कॉलेजच्या टेबलावरून परत पाठवायचं, ही हरामखोरी चालणार नाय. त्याच पेठेच्या गल्ल्यांत धंद्याला बसवलेल्या बाया आहेत. दर्जाच्या गोष्टी करणाऱ्यांपैकी किती जण त्यांच्या खोलीची पायरी चढून 'बाई, झोप लागते का?' एवढं विचारायला गेले?

म्हणून आपली मागणी स्वच्छ आहे. सरकारी कॉलेजांत मानसशास्त्राचे संध्याकाळचे वर्ग काढा. दुसऱ्या विषयाच्या पदवीधराला सहा महिन्यांचा पायाभूत अभ्यास द्या आणि आत घ्या. प्रात्यक्षिक सरकारी दवाखान्यात, देखरेखीखाली आणि विद्यावेतनासह द्या. पुस्तकं आणि चाचण्या आमच्या मराठीत आणा. ही भीक नाय, हा हक्काचा वाटा आहे.

आणि दोस्तांनो, तुम्ही बी.कॉम. असा, बी.एस्सी. असा, आयटीआयनंतर रखडत पदवी काढलेले असा, अप्पा बळवंत चौकात जा, जुनी पुस्तकं उचला, गटानं वाचा. पुढच्या जूनमध्ये एकेकट्यानं नाय, झुंडीनं त्या टेबलापुढं उभे राहा. बॅकग्राऊंड विचारलं की सांगा : हजारो वर्षं तुमच्या मनातली घाण आम्ही जवळून बघितलीय. एवढा फील्डवर्क तुमच्या एकाही प्रोफेसरानं केलेला नाय.

जय भीम!