फेसाचा फोटो
साप्ताहिक स्तंभ : वाटेवरचा कॅमेरा

मालवणहून रात्रीच्या बसने निघाले आणि सकाळी आळंदीत पोचले. पिशव्या घरात टाकल्या आणि सवयीने घाटावर गेले. इंद्रायणीच्या पात्रात इकडून तिकडे पांढरा फेस. बंधाऱ्याखाली तर गुडघाभर. पायरीवर एक शाळकरी मुलगी ओंजळीत फेस घेऊन उभी होती आणि तिचे वडील मोबाइल धरून सांगत होते, "मार फुंकर, मार!" फेसाचे पुंजके उडाले, त्यांवर कोवळं ऊन, मागे माउलींच्या देवळाचा कळस. फोटो सुंदर आला असणार. हा फेस मैलापाण्याचा, कपडे-भांड्यांच्या साबणाचा आणि कारखान्यांच्या सांडपाण्याचा. जवळ गेलं की नाकाला कळतं, पण फोटोला वास येत नाही.

मी मात्र त्या मुलीच्या वडिलांना काही बोलू शकले नाही. कारण आदल्याच दिवशी तारकर्लीच्या किनाऱ्यावर मीही तेच केलं होतं. पाण्यातल्या खेळांच्या बोटी चौकटीतून निघून जाईपर्यंत तासभर थांबले. वाळूतल्या बाटल्या दिसू नयेत म्हणून कॅमेरा दोन वीत वर धरला. सुरूची झाडं, निळं पाणी, मोकळी वाळू. कळंगुटला, गणपतीपुळ्याला, दिवेआगरला वर्षानुवर्षं हेच करत आले. मोकळ्या किनाऱ्याचा फोटो मासिकाला हवा असतो, हॉटेलवाल्याला हवा असतो आणि तो पाहून निघणाऱ्या माणसालाही हवा असतो.

ही माणसं आमच्याच भागातली. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी. बुधवारी दुसरी पाळी सुटली की पोरं मोटारसायकली काढतात, ताम्हिणी उतरतात आणि उजाडताना समुद्रावर असतात. आठवडाभर यंत्रापुढे उभं राहिल्यावर त्यांना तो समुद्र मिळायलाच हवा. पण माझ्या फोटोत त्यांना भरती-ओहोटी दिसत नाही, पाण्याची ओढ दिसत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर मी महिनाभर समुद्राचा फोटो छापायला दिला नव्हता. मग पुन्हा द्यायला लागले.

चित्रामुळे किनारा मरू शकतो, हे थायलंडने पाहिलं आहे. फी फी बेटांमधल्या माया बे या छोट्या उपसागरात 'द बीच' नावाचा चित्रपट चित्रित झाला. २००० साली तो आला आणि सगळ्या जगाला तिथे जावंसं वाटू लागलं. दिवसाला हजारो माणसं, बोटींचे नांगर आणि त्यांखाली तुटणारी प्रवाळं. शेवटी २०१८ च्या जूनमध्ये सरकारने तो किनारा बंद केला आणि २०२२ च्या जानेवारीत उघडला, तोही मोजक्या माणसांसाठी. बोटी आता मागच्या बाजूला लागतात. मधल्या काळात काळ्या टोकाच्या परांचे शार्क उथळ पाण्यात परत आले. फिलिपिन्सने बोराकाय बेट २०१८ मध्येच सहा महिने बंद ठेवलं होतं.

आपल्याकडे किनारा सांभाळायचा धडा मला मंडणगड तालुक्यातल्या वेळासने दिला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे २००२ मध्ये कासवांचं काम सुरू केलं. जी अंडी पूर्वी विकली जायची, ती गावकरीच जाळीच्या कुंपणात आणून वाळूत पुरू लागले. घरट्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. पिल्लं सोडताना दोरी बांधलेली असते, माणसं दोरीअलीकडे. फ्लॅश मारायचा नाही, कारण पिल्लू उजेडाकडे वळतं. पहिल्यांदा गेले तेव्हा पिल्लू माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. बोटभर परांनी वाळू मागे सारत, थांबत, पुन्हा निघत ते पाण्याकडे चाललं होतं. उजेड पुरेसा नव्हता, फोटो हललेला आला. घरातल्या भिंतीवर आज तोच लावलेला आहे.

आणि या खेपेला तारकर्लीला रापण लागली होती. होडी समुद्रात अर्धं वर्तुळ घेऊन जाळं सोडत आली आणि दोन्ही टोकांना माणसं दोर ओढू लागली. बायका, म्हातारे, पोरं, सगळेच. मी कॅमेरा डोळ्याला लावला तसा एक आजोबा म्हणाले, "फोटो मगे काढ गो बाय, पयली ही दोरी ओढ." ओढली. ओला दोर तळहात सोलवटून काढतो, टाचा वाळूत रुततात, आणि पुढच्या माणसाच्या पाठीवरून आपल्याला लय सापडते. पाऊण तासाने जाळं काठाला लागलं. थोडे बांगडे, थोडे पेडवे. वाळूवरच त्यांचे वाटे पडले. जिथे ही रापण ओढतात, त्याच वाळूवरून मी माणसं पुसत आले होते. मोकळा किनारा म्हणजे यांना वगळलेला किनारा, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते. तिथून थोडं पुढे गेलं की कडा संपतो आणि खाली कोकण दिसतं. तरी ती समुद्राकडे पाठ करून पूर्वेला निघते, देहू-आळंदीवरून भीमेला मिळते. तिचा फेस कोकणच्या किनाऱ्याला कधीच लागणार नाही. म्हणून मी दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या. किनारे हे माझं काम आणि नदी हे माझं गाव.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन घाटावर गेले. नऊवारी नेसलेली एक वारकरी आजी खालच्या पायरीवर वाकून दोन्ही हातांनी फेस बाजूला करत होती. फेस पुन्हा पुन्हा जवळ येत होता. जरा काळं पाणी दिसलं की ती बाटली बुडवायची. तीर्थ म्हणून घरी न्यायचं होतं. मी विचारलं, "आजी, फोटो काढू का?"

"माझा नगं काढू बाई," ती म्हणाली, "पाण्याचा काढ."