फंक्शनच्या फाटकावर कोण?

वायव्हात हमखास येणारा प्रश्न कोणता? 'व्हॉट इज अ फंक्शन?' आणि हमखास दिलं जाणारं उत्तर : 'सर, अ ब्लॉक ऑफ कोड दॅट परफॉर्म्स अ स्पेसिफिक टास्क.' एक्स्टर्नल मान डोलावतात, मार्क पडतात आणि आपण चहाच्या टपरीवर जायला मोकळे! चार वर्षांत हा प्रश्न किती वेळा येतो याची गणती नाही. पण 'हे फंक्शन चालवायचा अधिकार कोणाला?' असं मात्र कोणीच विचारत नाही. मला वाटतं, आधी विचारायचा प्रश्न तोच आहे. सॉलिडिटी नावाच्या भाषेनं हा धडा लोकांना रोख पैसे मोजायला लावून शिकवला, म्हणून आज तिच्याविषयी.

पुलगावच्या माणसाला खरं तर हे समजावून सांगायची गरज नाही. गावाला लागून केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. आत काय काम चालतं ते आपल्याला ठाऊक नसतं, पण फाटकातून कोणालाही आत सोडत नाहीत हे लहान पोरालाही माहीत असतं. काम काय ते नंतर, आधी पास दाखवा! सॉलिडिटीतलं फंक्शनही याच क्रमानं वाचायचं.

थोडी ओळख करून देतो. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे ब्लॉकचेनवर ठेवलेला प्रोग्राम. इथेरियम ही ब्लॉकचेन ३० जुलै २०१५ ला सुरू झाली. तिच्यासाठीच्या सॉलिडिटीची कल्पना गॅव्हिन वूड यांनी २०१४ मध्ये मांडली होती. दिसायला ही भाषा सी प्लस प्लस आणि जावास्क्रिप्टची चुलत बहीण. फरक दोनच, पण मोठे. एक, हा प्रोग्राम स्वतःजवळ पैसे बाळगतो. दोन, बदलायची सोय आधीच करून ठेवली नसेल तर एकदा वर टाकलेल्या कोडमधली एक ओळही बदलता येत नाही. आपल्या लॅबमध्ये चुकलं तर बॅकस्पेस आहे. तिथं नाही.

आता समजा, आपल्या हॉस्टेलची मेस अशा कॉन्ट्रॅक्टवर चालते. 'आज भाजी कोणती?' हे सांगणारं फंक्शन फक्त फळा वाचतं, काही बदलत नाही. त्याला 'व्ह्यू' म्हणतात. 'इतके दिवस गुणिले इतका दर' असा हिशेब करणारं फंक्शन फळ्याकडेही बघत नाही, तुम्ही दिलेल्या आकड्यांवरच काम भागवतं. ते 'प्युअर'. मेसचं डिपॉझिट स्वीकारणारं ते 'पेएबल'. हा शब्द लिहिला नसेल आणि तुम्ही कॉलसोबत पैसे पाठवले, तर फंक्शन ते घेतच नाही, अख्खा कॉल परत फिरवतं.

आणि मेसचा दर बदलणारं फंक्शन? ते फक्त मेस सेक्रेटरीनं चालवावं. त्यासाठी दारात 'मॉडिफायर' उभा करतात. कॉल करणारा कोण, हे 'मेसेज डॉट सेंडर'मध्ये कळतं. तो सेक्रेटरी नसेल तर 'रिक्वायर' अट मोडते आणि तोपर्यंत झालेले सगळे बदल पुसले जातात, जणू काही घडलंच नाही. फक्त तोवर जळालेला गॅस, म्हणजे व्यवहाराचं शुल्क, परत मिळत नाही. रिक्षानं स्टेशनवर गेलो, गाडी चुकली, तरी रिक्षावाल्याचे पैसे द्यावेच लागतात, तसं!

याशिवाय प्रत्येक फंक्शनला चारांपैकी एक पाटी लागते. 'पब्लिक' म्हणजे बाहेरून-आतून कोणीही बोलवा. 'एक्स्टर्नल' म्हणजे बाहेरून येणाऱ्यांसाठी (वायव्हाचे एक्स्टर्नल वेगळे!). 'इंटर्नल' म्हणजे घरातले आणि वारस. 'प्रायव्हेट' म्हणजे फक्त याच घरातले, वारसही नाहीत. एक सावधगिरी : प्रायव्हेट म्हणजे गुप्त नव्हे. प्रायव्हेट लिहून ठेवलेली माहितीसुद्धा ब्लॉकचेनवर कोणालाही वाचता येते. पाटी फक्त कोडला कोण हात लावणार ते ठरवते.

ही पाटी लावायची राहिली तर काय होतं? २०१७ मध्ये पॅरिटी नावाच्या वॉलेटचं जे झालं, ते होतं. हे वॉलेट अनेक मालकांच्या सह्या असल्याशिवाय पैसे सोडत नसे. मालक कोण, हे ठरवणारं फंक्शन सुरुवातीला एकदाच चालायला हवं होतं. पण त्याच्यावर पाटीच नव्हती आणि त्या काळी पाटी नसेल तर सॉलिडिटी फंक्शनला पब्लिक समजायची. 'मालक आधीच ठरलेत का?' ही तपासणीही आत नव्हती. १९ जुलै २०१७ ला कोणीतरी बाहेरून हे फंक्शन चालवलं, स्वतःला मालक करून घेतलं आणि सुमारे दीड लाख इथर घेऊन गेला. कुलूप तोडलं नाही, भिंत फोडली नाही. फाटक उघडंच होतं.

पुढं तर कहरच झाला. दुरुस्ती झाली, पण सगळी नवी वॉलेट्स ज्या एका सामाईक कॉन्ट्रॅक्टवर अवलंबून होती, त्याचा स्वतःचा मालक ठरवायचा राहून गेला होता. ६ नोव्हेंबर २०१७ ला एकानं त्याचं मालकपद घेतलं आणि कॉन्ट्रॅक्ट नष्ट करणारं फंक्शन चालवलं. शेकडो वॉलेट्समधले पाच लाखांहून जास्त इथर जागच्या जागी गोठले. चोरालाही मिळाले नाहीत, मालकालाही नाहीत! नोव्हेंबर २०१८ मध्ये सॉलिडिटीची ०.५.० आवृत्ती आली. तेव्हापासून पाटी लिहिल्याशिवाय फंक्शन कंपाइलच होत नाही.

'कोण?' या प्रश्नाला दोन भावंडं आहेत : 'कधी?' आणि 'कितीदा?' मेसवाला आधी ताट देतो आणि मग कूपन फाडतो असं समजा. ताट हातात पडताच, कूपन फाटायच्या आत, पोरगा त्याच कूपनवर दुसरं ताट मागतो, मग तिसरं... १७ जून २०१६ ला 'द डाओ' या निधीचं असंच झालं. पैसे काढायचं फंक्शन आधी पैसे पाठवायचं आणि मग खात्यातून वजा करायचं. पैसे घेणारा कॉन्ट्रॅक्ट मधल्या क्षणात तेच फंक्शन पुन्हा पुन्हा बोलवत राहिला. सुमारे ३६ लाख इथर वळवले गेले. ते परत आणण्यासाठी जुलै २०१६ मध्ये अख्ख्या इथेरियमचे दोन फाटे झाले. चूक केवढी? दोन ओळींचा क्रम!

'हे सगळं परदेशातलं. आपल्याला काय त्याचं बे?' असं कोणी म्हणेल. तर आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. मार्च २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली भागासाठी राज्य शासनानं लेजिटडॉक या कंपनीच्या मदतीनं ६५,००० जातप्रमाणपत्रं पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवण्याचं काम हाती घेतलं. पॉलिगॉन म्हणजे २०१७ मध्ये भारतीय तरुणांनी 'मॅटिक' नावानं सुरू केलेला प्रकल्प. सॉलिडिटीत लिहिलेले कॉन्ट्रॅक्ट तिथंही चालतात.

जातप्रमाणपत्र म्हणजे काय, हे हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांना सांगायला नको. आपल्यापैकी कितीतरी जणांची अ‍ॅडमिशन, शिष्यवृत्ती आणि खोलीसुद्धा त्या एका कागदावर उभी आहे. अशा कामाचा कॉन्ट्रॅक्ट तुम्ही-आम्ही लिहायला बसलो, तर निदान तीन फंक्शन्स लागतील : नोंदवा, तपासा, रद्द करा. 'तपासा' सगळ्यांसाठी खुलं हवं, कॉलेजच्या ऑफिसलाही आणि आईबापांनाही. 'नोंदवा' फक्त अधिकृत कार्यालयाला. आणि 'रद्द करा'? एका अधिकाऱ्याच्या एका क्लिकवर? की दोघांच्या सहीनं? रद्द करण्याआधी त्या विद्यार्थ्याला कळणार का? पाटी लिहायला एक शब्द पुरतो, पण त्या शब्दावर एखाद्या पोरीचं वर्ष वाया जाऊ शकतं.

आणि कितीही चोख लिहिलं तरी एक गोष्ट कोणत्याच फंक्शनला जमत नाही. मूळ नोंद खरी की खोटी, हे त्याला कळत नाही. चुकीचं नाव चढवलं तर ते चुकीचं नावच जपून ठेवेल, अगदी इमानदारीनं. तेव्हा ब्लॉकचेन आली म्हणून उपविभागीय कार्यालयाची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते.

आपले काही सर म्हणतात, हे ब्लॉकचेनचं वारं आहे, आज आहे उद्या नाही. असेलही. नाण्यांच्या सट्ट्यावर तर माझाही विश्वास नाही. पण ही सवय वाऱ्याबरोबर जाणारी नाही. उद्या तुम्ही बँकेचं सॉफ्टवेअर लिहा, नाहीतर ग्रामपंचायतीची वेबसाइट. 'हे फंक्शन कोण, कधी आणि कितीदा चालवू शकतो?' हा प्रश्न तिथंही दारात उभाच असतो. सॉलिडिटीनं तो कीवर्ड करून डोळ्यांसमोर आणला, एवढंच. बाकी भाषांत तो आपल्याला स्वतःहून आठवावा लागतो.

म्हणून सर-मॅडमना एक विनंती. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये एम, अल्गोरिदम, आउटपुट असे रकाने असतातच. त्यात एक रकाना वाढवा : प्रत्येक फंक्शनसाठी 'कोण, कधी, कितीदा'. तीन शब्दांची उत्तरं, जास्त नको. आणि सबमिशनच्या आधी प्रत्येकाचा प्रोग्राम शेजारच्या बॅचला मोडायला द्या. आउटपुट बरोबर आलं की मार्क, ही पद्धत सोपी आहे, पण पॅरिटीच्या वॉलेटचं आउटपुटही दुरुस्त दिसतच होतं!

आणि मित्रांनो, आपल्यासाठी एवढंच. दुसऱ्याचं जर्नल उतरवताना निदान हा रकाना तरी स्वतः भरा. तेवढं करताना फंक्शन आपोआप समजेल. पटत नसेल तर रात्री रूमवर या, भांडू. चहा तुमचा!

— अंतिम वर्ष, संगणक शाखा
(मूळ गाव : पुलगाव)